चिंचेला बांधलेलं घोडं

परवा दुपारी माझ्या नातीनं एक पुस्तक भिंतीवर फेकून मारलं. शालन तिचं नाव, कॉलेजात जाते. त्या पुस्तकाची ती वर्षभर वाट बघत होती. पहिल्या भागात एक उडता डोंगर होता म्हणे, त्यावर एक पोर अडकलं होतं, आणि ते खाली कसं येतं हे दुसऱ्या भागात कळायचं होतं. दुसरा भाग आला तर डोंगर राहिला बाजूला आणि पोराच्या मावशीचं लग्न सुरू झालं. "आजोबा, पार वाट लावली हो लेखकानं!" असं म्हणून ती माझ्यापुढं येऊन बसली. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिची आई आतून म्हणाली, "पुस्तकापायी कुणी रडतंय व्हय?"

मंगळवार पेठेतल्या आमच्या खिडकीतून वारा येत होता, आणि त्या वाऱ्याला नव्या गुळाचा वास होता.

हा वास दरसाल येतो. दिवाळी सरली, थंडी पडली की नदीकडच्या मळ्यांतून निघतो आणि पेठेपर्यंत चालत येतो. ऊस पिळायच्या चरकाला आता इंजिन लागलंय, त्यामुळं वासात थोडं राकेलही असतं. लोकांना वाटतं गुळाचा वास एकच. तसं नाही. रस तापायला लागला की वास हिरवा असतो, ओल्या गवतासारखा. मळी वर आली की आंबूस. मग हळूहळू तो पिवळा होतो आणि शेवटी असा तांबूस होतो की नाकाला गोड लागायच्या आधी जिभेला लागतो. मी आयुष्यभर गुळव्याचं काम केलं. रस आटवायची काहील कधी उतरवायची हे सांगायला मला घड्याळ लागलं नाही आणि दुसऱ्या कुणाचं मतही लागलं नाही. माझ्या हातची ढेप फोडली की आत रवा दिसायचा. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. दिसायचा म्हणजे दिसायचा.

पण ज्या हंगामाची मला दर थंडीत आठवण येते, त्या हंगामातलं मला गुळाइतकंच एक पुस्तक आठवतं. तेही दुसरा भागच होतं. आणि तेही असंच बिघडलेलं.

आमच्या संस्थानात थोरल्या महाराजांचं राज्य होतं. राधानगरीकडं धरणाचं काम निघालं होतं, आणि धरण झालं की ऊस असा वाढंल, तसा वाढंल, अशा गप्पा गुऱ्हाळावर रोज चालायच्या. मी तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसचा. नदीकाठी आण्णांचा मळा होता, त्या मळ्यावर दर हंगामात मी गुळव्या असायचो. आण्णा म्हणजे उंच, आडदांड, बोलले की झाडावरचे कावळे उडावेत असा आवाज. मनात काही ठेवायचे नाहीत, कारण मनात मावायचंच नाही. ऊस तोडायला आणि मोळ्या आणायला बायका असायच्या, त्यांची म्होरकी गंगूआक्का. तिची जीभ कोयत्यापेक्षा धारदार. आणि चुलवणाला कासीमचाचा.

चुलवण म्हणजे काहिलीखालची भट्टी. ती जमिनीत खोल खणलेली असते. जाळ घालणारा माणूस तिच्या तोंडाशी खड्ड्यात बसतो आणि चिपाडं आत सारत राहतो. मी वर, काहिलीच्या काठावर, वाफेत. चाचा खाली, धगीत. दिवसभर आम्ही एकमेकांचं तोंड बघायचो नाही. मी वरून ओरडायचो, "चाचा, वढ जाळ!" खालून "वढला!" असं यायचं, की जाळ बसलेला असायचा. इतका शहाणा जाळ मी पुन्हा बघितला नाही. पन्नाशी उलटलेला बारीक माणूस, भुवया जळून गेलेल्या, बोलणं कमी.

वाचनाची चाल मीच पाडली. मी दुसरीपर्यंत शिकलेला. तिसरीत मास्तरांनी विनाकारण कान धरला म्हणून शाळा सोडली ती सोडलीच. पण अक्षरं मला सोडून गेली नव्हती. जोडाक्षर आलं की बैल चिखलात रुततो तसा मी रुतायचो, बोट ठेवून ते फोडायचो आणि मग पुढं जायचो. सगळ्या गुऱ्हाळात वाचता येणारा मी एकटा, त्यामुळं अडखळण्याला नावं ठेवणारं कुणी नव्हतं.

ते पुस्तक जोतिबाच्या चैत्री यात्रेतून आलं. वाटेवर पोथ्यांचं दुकान मांडलं होतं, गुलालानं सगळ्या पोथ्या गुलाबी झाल्या होत्या. एकीवर तळ्यातून फणा काढलेल्या नागाचं चित्र होतं. आण्णांनी ती उचलली. नागाचं माहात्म्य असणार, हंगामाला वाचू, उसात जनावर निघायचं भ्या ऱ्हाणार न्हाय, असा त्यांचा हिशेब. मीही वरचं नाव वाचलं, ‘नागतळ्याची पायरी’, आणि मान हलवली. पोथीच ती, दुसरं काय असणार?

हंगाम उभा राहिला तेव्हा आम्ही पाटावर पुस्तक ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. कासीमचाचा हात धुऊन आला आणि लांब उभा राहिला. गंगूआक्का म्हणाली, "चाचा, तुमाला चालतंय व्हय?" तो म्हणाला, "किताब हाय आक्का. किताबाला मान द्यायला काय हुतंय?"

मी वाचायला लागलो आणि चौथ्या पानावर कळलं की ही पोथी नव्हे. देव नाही, ऋषी नाही, फळ नाही. नीलकेतू नावाचा एक राजपुत्र आपल्या आईचा हरवलेला आवाज शोधायला घोड्यावरून निघतो. तो आवाज नागांनी तळ्याखाली कोंडून ठेवलेला असतो. मी थांबलो. म्हणालो, "आण्णा, ही गोष्ट हाय. पोथी न्हाय." आण्णा गरजले, "नारळ फोडलाय न्हवं? मग आता पोथीच ती. वाच!"

आमच्यात पोथीचा एक नियम असतो. वाचायला घेतली की अर्धी ठेवायची नाही, पान गाळायचं नाही आणि पदरचं एक अक्षर घालायचं नाही. तो नियम आम्ही त्या गोष्टीला लावला. पुढचं सगळं त्यातनं घडलं.

पहिल्या भागानं आम्हाला वेड लावलं. सकाळची काहील उतरली की दुपारच्या काहिलीपुरता रस साठेपर्यंत वेळ असायचा, तेवढ्यात मी वाचायचो. चरकाचे बैल फिरत असायचे, त्यांच्यामागं फिरणारा गडीसुद्धा आमच्याजवळून जाताना सावकाश चालायचा. मधमाश्या रसाच्या मडक्यावर घोंघावायच्या. गंगूआक्का मांडीवर हात आपटायची, "मेल्या नागांचं वाटूळं हूं दे!" शेवटच्या अध्यायाला तर मला धीर धरवला नाही आणि चढत्या काहिलीच्या काठावर बसून मी वाचत राहिलो. पाक करपला. आयुष्यात एवढं एकच आधण माझ्या हातून गेलं. काळा गूळ झाला, तो म्हशींनी खाल्ला. आण्णांनी शिवी दिली आणि लगेच विचारलं, "पुढं?"

पुढं काही नव्हतं. तळ्याचं पाणी दुभंगलं, नीलकेतूनं घोडा काठावरच्या चिंचेला बांधला, तो सात पायऱ्या उतरला, आणि वर पाणी मिटलं. खाली छापलं होतं, पुढील कथा दुसऱ्या भागात.

खाली पायऱ्यांवर काय असेल, आईचा आवाज कुठं कोंडला असेल, ज्याच्या त्याच्या डोक्यात हेच. तेवढ्यात कासीमचाचा खड्ड्यातनं वर आला. घामानं निथळत होता. त्यानं मला विचारलं, "शिवा, घोडं?"

"काय घोडं?"

"घोडं बांधलंय का सोडलंय?"

मी पान परत काढलं, बोट ठेवून वाचलं. "बांधिला, असं हाय."

"निरगाठ का सुरगाठ?"

पुस्तकात ते नव्हतं. गंगूआक्का हसली, "चाचा, राजाचं पोर पाताळात गेलंय आन् तुमी घोड्याच्या गाठीचं काय घिऊन बसलाय?" चाचा खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी चिपाडाच्या ढिगावर भाकरी खाताना त्यानं मला सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं, मला सांगितलं. दहा-बारा वर्षांमागं त्याच्याकडं एक तट्टू होतं. पाखरी तिचं नाव. तिच्या पाठीवर तो घाटाकडनं ओझी आणायचा. गावात गाठीचा रोग आला, लोक घरं टाकून माळावर झोपड्या घालून राहिले. चाचा आणि त्याचा भाऊ नदीकडं उतरले. त्यानं पाखरीला करंजाच्या झाडाला बांधलं. त्या दिवसांत जनावरं चोरीला जात होती, म्हणून त्यानं निरगाठ मारली, दोनदा. सकाळी भावाच्या काखेत गाठ दिसली. सरकारी माणसं आली आणि दोघांनाही उचलून रोग्यांच्या तळावर घेऊन गेली. चाचा ओरडत राहिला, माझं जनावर बांधलेलं हाय. कुणाला वेळ होता? तळाभोवती पहारा. भाऊ तिथंच गेला. चाचाला किती दिवसांनी सोडलं ते त्याचं त्याला ठाऊक नाही.

"दावं जेवढं लांब हुतं ना शिवा," तो म्हणाला, "तेवढ्या फेरात गवताची काडी न्हवती. झाडाची सालसुदिक न्हवती. त्याच्याम्होरं एक हातावर हिरवंगार."

मग त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "सुरगाठ मारली असती तर एका हिसड्यात सुटली असती. मीच शाना." तो तुकडा हातातच ठेवून म्हणाला, "त्या पुस्तकातलं घोडं तेवढं सुटू दे. दुसऱ्या भागात बघ."

इतकं सोपं मागणं होतं त्या माणसाचं. राजपुत्र मेला की जगला याचं त्याला काही नव्हतं.

मी पुढच्या चैत्रात जोतिबाला गेलो ते देवाला कमी आणि दुसऱ्या भागाला जास्त. देव मोठ्या मनाचा, त्यानं राग धरला नसेल. ‘चांगभलं’ म्हणत लोक सासनकाठ्या नाचवत होते आणि मी पोथीवाल्याला गाठून विचारत होतो. त्यानं पेटीतून दुसरा भाग काढून दिला. मी तो उघडला नाही. नियम म्हणजे नियम, नारळाशिवाय पोथी उघडायची नाही. पावसाळाभर तो फडक्यात बांधून आढ्याला टांगला आणि त्याच्याखाली झोपलो. बायको म्हणायची, "माझ्याकडं बघत न्हाईसा एवढं त्या गाठोड्याकडं बघताय."

हंगाम आला. पाट, हळदीकुंकू, नारळ. कासीमचाचानं त्या दिवशी धुतलेली पैरण घातली होती. मी पहिलं पान उघडलं.

पहिलं पान राजाच्या बागेत होतं. मंत्र्याची मुलगी चंपकमंजिरी सख्यांबरोबर फुलं तोडत होती. तिची अंगठी हरवली. ती सापडली एका सावकाराच्या मुलाला. त्यानं अंगठी परत करताना हिच्याकडं बघितलं आणि हिनं त्याच्याकडं. आण्णा म्हणाले, "आसंल. तळं फुडं यील." दुसऱ्या दिवशी चंपकमंजिरीला ताप आला. तिसऱ्या दिवशी तिच्या दासीनं चुकीच्या माणसाला चिठ्ठी दिली. चौथ्या दिवशी ती चिठ्ठी परत आणायला दुसरी दासी गेली. असे आठ दिवस गेले. नीलकेतूचं नाव नाही, तळ्याचं नाही, नागांचं नाही.

"ही बया कोण?" आण्णा खवळले. "हिला कुणी बोलावलंतं? आपलं पोर पाण्यात आन् ही अंगठ्या हुडकतीय!"

गंगूआक्काला मात्र आवडायला लागलं होतं. "वाच रं शिवा, आण्णांचं ऐकू नगंस. त्या सावकाराच्या पोराला तिचा निरोप गावला का न्हाय?"

"तुमी बायका सगळ्या एकाच माळेच्या!"

"मग आमचं बी येऊ दे की एखादं पान! पयल्या भागात सारं तुमचंच हुतं, तलवारी न् घोडी. आमी काय म्हनालो का?"

तिचं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही. आता पटतं. पण तेव्हा मला फक्त खालचा प्रश्न ऐकू यायचा. रोजचं वाचन संपलं, पुस्तकाला फडकं गुंडाळलं, की खड्ड्यातनं आवाज यायचा, "घोडं?"

"अजून न्हाय चाचा."

"बरं."

त्या ‘बरं’चं मला भय वाटायला लागलं. त्या साली गूळ मात्र असा उतरला की काय सांगू. पिवळाधमक, कणीदार, बाजारात दलाल बोट लावून चाटायचे आणि एकमेकांकडं बघायचे. कुणाचं ध्यान पुस्तकात नव्हतं ना! आण्णा म्हणायचे, "पुस्तक वंगाळ पण गुळाला लई मानवलं."

मग एके दिवशी मी पाप केलं. चंपकमंजिरी खिडकीत बसून उसासे टाकत होती. पान संपत आलं होतं. खाली चिपाडं सारायचा आवाज थांबला होता, म्हणजे चाचा कान देऊन बसला होता. मी पुस्तकावरची नजर न काढता म्हणालो, "इकडे तळ्याच्या काठी एक गुराखी आला, त्याने चिंचेचा घोडा सोडिला, त्यास पाणी पाजिले, आणि तो घोडा रानात चरावयास गेला."

आण्णा ‘आता कसं’ म्हणून सरसावून बसले. मी पुस्तक मिटलं. खालून काही आवाज नाही. मला वाटलं, झालं, सुटलो.

चाचा वर आला. माझ्यासमोर उकिडवा बसला. हळू आवाजात म्हणाला, "हे पुस्तकात न्हाय."

"हाय की. आत्ताच वाचलं."

"न्हाय. तू वाचताना अडखळतोस शिवा. रोज अडखळतोस. हे तू अडखळला न्हाईस."

माझा चेहरा काहिलीच्या धगीपेक्षा जास्त तापला. दोन हंगामांत मला वाचनात कुणी हरवलं नव्हतं, ते त्यानं एका वाक्यात हरवलं. वाचता न येणाऱ्या माणसानं माझं वाचन माझ्यापेक्षा जास्त ऐकलं होतं. तो रागावला नाही. म्हणाला, "तुजं मन चांगलं हाय. पन तू सोडून काय उपेग? ज्यानं बांधलं त्यानं सोडायला पायजे."

पुस्तक आम्ही संपवलं. नियम म्हणून संपवलं. शेवटची दहा पानं राहिली तेव्हा चंपकमंजिरीचं लग्न लागत होतं, आणि मांडवातल्या विहिरीतून एकदम नीलकेतू वर आला. आईचा आवाज त्याच्या हातात कुपीत. पाताळात काय झालं, नागांशी काय लढाई झाली, ते चार ओळींत. ‘तो सर्व वृत्तांत सांगावा तर ग्रंथविस्तार होईल.’ सगळ्यांनी अक्षता टाकल्या. संपलं. ज्या तळ्यात तो उतरला त्या तळ्याकडं तो परत गेलाच नाही. दुसऱ्याच वाटेनं वर आला. चिंचेचं नाव नाही. घोड्याचं नाव नाही.

बैल फिरत होते. चरकाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. गंगूआक्का हळूच म्हणाली, "लगीन तर झालं की." पण तिच्याही आवाजात जोर नव्हता.

आण्णांनी पुस्तक माझ्या हातातून ओढलं. "आसल्या पुस्तकाला जागा एकच. कासीम, घाल चुलवणात!" आणि खड्ड्यात टाकलं. माझ्या मनातही तेच होतं, मी अडवलं नाही.

चाचानं ते झेललं. पैरणीला पुसलं. आम्हा दोघांकडं वर बघत म्हणाला, "माज्या जाळात हे जानार न्हाय. आत घोडं बांधलेलं हाय."

आण्णा वळले आणि बैलांकडं निघून गेले.

माझा एक दुर्गुण आहे. एकदा डोक्यात घेतलं की मी हटत नाही. शाळा त्यापायीच सुटली. बायकोनं त्यापायी जन्मभर ऐकवलं. त्या दिवशी तो दुर्गुण कामी आला. ज्यानं बांधलं त्यानं सोडायला पाहिजे ना? मग त्याला विचारायचं. पुस्तकाच्या आतल्या पानावर लेखकाचं नाव आणि पुण्यातला पत्ता होता. मी पेठेत जाऊन कार्ड आणलं. शेजारचे मास्तर म्हणाले, "दे, मी लिहून देतो." मी म्हणालो, माझं मी लिहीन. तोपर्यंत मी आयुष्यात कुणालाही काही लिहिलं नव्हतं. काहिलीशेजारी पाटीवर आधी लिहून बघितलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. कार्डावर जागा किती, आणि माझी अक्षरं ढेपेएवढी. शेवटी एवढंच मावलं: ‘तुमचा दुसरा भाग वाचला. आवडला नाही. चिंचेला घोडं बांधलं होतं त्याचं काय झालं ते कळवा. एक माणूस विचारतो आहे. शिवराम गुळव्या.’

आण्णा पोट धरून हसले. "पुन्याचा लेखक तुला जबाब देतोय व्हय? ‘गुळव्या म्हाराज, घोडं बरं हाय, काळजी नसावी!’" गंगूआक्काही हसली, पण जाता जाता म्हणाली, "लिवलंस ते झ्याक केलंस."

महिना गेला. ऊस संपत आला. मळा उघडा दिसायला लागला, जिथं हत्ती लपावा असा ऊस होता तिथं नुसती खोडकी आणि वर बगळे. चाचानं एकदाही विचारलं नाही, कार्ड आलं का. तो विचारायचा नाही, तेच मला सोसायचं नाही.

शेवटच्या आठवड्यात कार्ड आलं. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांत भरलेलं. मी ते आधी वाचलं नाही. तसंच टोपीत घालून मळ्यावर नेलं, चाचाला वर बोलावलं, आण्णा आणि आक्काही आले, आणि मी बोट ठेवलं.

‘रा. रा. शिवराम गुळव्या यांस नमस्कार. आपले कार्ड पावले. दुसऱ्या भागाविषयी पुष्कळ पत्रे आली, पैकी घोड्याविषयी विचारणारे आपण एकटेच. खरे लिहितो, घोडा मी विसरलो. या भागात प्रीतिविवाह असावा असा छापणाऱ्यांचा आग्रह पडला आणि मी त्यात वाहवलो. तो दोष माझा, मुलीचा नव्हे. आपले कार्ड आल्यापासून मला झोपेतही ते जनावर दिसते. तिसरा भाग होण्याचे चिन्ह नाही. तरी घोडा बांधणारा मीच, म्हणून अधिकाराने लिहितो की, जो माणूस विचारतो आहे त्याने तो सोडावा. त्याने सोडला की सुटला, असे मी या कार्डाने मान्य करतो. कळावे.’

हे इथं मी सरळ लिहिलं. वाचताना ‘प्रीतिविवाह’ला अडकलो, ‘आग्रह’ला अडकलो, ‘अधिकाराने’ला तर तीनदा मागं आलो. दर अडखळीला चाचाचा चेहरा बदलत गेला. मी जितका रुतलो तितका त्याचा विश्वास बसत गेला. माझ्या अडाणीपणाचा मला आयुष्यात एकदाच अभिमान वाटला, तो तेव्हा.

"परत वाच," तो म्हणाला. मी परत वाचलं. पुन्हा तिथंच अडखळलो. तो समाधानानं मान हलवत राहिला.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडं चरकाची पूजा करतात. काहील पालथी घालतात, चुलवण विझवतात आणि बैल सोडतात. बैलांना गूळ चारून मोकळं सोडायचं, तो मान मळ्याच्या मालकाचा. त्या दिवशी आण्णा पुढं झाले, थांबले आणि मागं सरले. "कासीम," म्हणाले, "तू सोड." आवाज इतका बारीक होता की कावळे हलले नाहीत.

चाचा बैलाजवळ गेला. गळ्यातलं दावं हंगामभर काढत नाहीत, तीन महिने त्यावर रस सांडून सांडून गाठ दगडासारखी झाली होती. बोटांनी सुटेना. मी कोयता पुढं केला, त्यानं नको म्हटलं. खाली वाकला, गाठ दातांत धरली आणि ओढत राहिला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. कुणी घाई केली नाही. गाठ सैल झाली. त्यानं दावं ओढून काढलं, बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जा पाखरी."

बैलाला ते नाव नवीन होतं. पण तो गेला. खोडक्यांतून नदीकडं सावकाश गेला आणि जिथं हिरवं होतं तिथं तोंड घातलं. चाचा बघत उभा राहिला. तोंडाला रस लागला होता, तो त्यानं पुसला नाही. गंगूआक्कानं गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला आणि पदर डोळ्याला लावून बायकांना ओरडली, "बघत काय हुब्या ऱ्हायलाय, उरका की!"

त्यानंतर चाचा सात-आठ हंगाम माझ्याखाली जाळ घालत होता. पुढच्या हंगामात आम्ही वाचायला काही घेतलं नाही. घेतलं असतं तरी त्यानं ऐकलं असतं की नाही कोण जाणे. पण खड्ड्यातून गुणगुणायचा आवाज यायला लागला, आधी कधी येत नव्हता.

मी त्या बिघडलेल्या पुस्तकाचे उपकार मानतो. चांगलं निघालं असतं तर आम्ही वाचलं असतं, वाहवा केली असती आणि दुसऱ्या काहिलीला लागलो असतो. त्या लेखकाचेही मानतो, त्यानं एका गुळव्याला खरं लिहिलं. चंपकमंजिरीचंसुद्धा आता मला काही वाटत नाही. बिचारी तिच्या बागेत होती, तिला कुणी आमच्या तळ्यावर पाठवलं नव्हतं. आणि कान धरणाऱ्या मास्तरांनी दोन वर्षांत जेवढी अक्षरं दिली तेवढ्यांत एक कार्ड लिहून झालं, म्हणजे त्यांचंही काही वाईट नाही.

दोन्ही भाग माझ्या पेटीत आहेत, एका फडक्यात. फडक्याला सुरगाठ आहे, एका हिसड्यात सुटते.

काल शालन माझ्यासमोर कार्ड घेऊन बसली. मी तिला हे सगळं सांगितलं होतं. तिनं पेन उघडलं, कपाळाला आठ्या घातल्या. "काय लिहू आजोबा? मावशीच्या लग्नापायी सगळं नासवलंत, असं लिहू?"

"लिही की. पण जागा थोडी असती," मी म्हणालो. "आधी त्या डोंगरावरच्या पोराचं विचार. ते जेवलंय का, हे कुणी बघितलंय का ते विचार."

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि खाली मान घालून लिहायला लागली.